बूट कुठे चावतो, हे कसं मोजाल?

कारखान्यात सर्वेक्षणाला गेलात तर ‘कंपनीचे सेफ्टी शूज बरोबर बसतात का?’ असं विचारून थांबू नका. सुपरवायझर शेजारी असेल तर उत्तर ‘हो’च येणार! त्यापेक्षा शिफ्ट संपताना, कामगाराची परवानगी घेऊन, त्याला कागदावर उभं करा आणि पाऊल आखून घ्या. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजतात. बुटाचा नंबर मात्र लांबी सांगतो, रुंदी नाही. शिवाय पुढची स्टीलची टोपी वापरून सैल होत नाही. मग करंगळीला कुरूप होतं. टोपी २०० जूलचा आघात सोसते का, याची चाचणी झालेली असते. पाय काय सोसतो, ते तुम्ही मोजायचंय. बुटातला सोल काढून आखलेल्या पावलावर ठेवा. पाऊल किती मिलिमीटर बाहेर जातं, ते लिहा. हा आकडा सुपरवायझरला घाबरत नाही.