पायथ्याला हिव, माथ्यावर ऊब

जानेवारीत सकाळी सव्वासातला मळवली स्टेशनावर उतरलं, की पहिली दहा मिनिटं बोलायलाही तोंड उघडवत नाही. इंद्रायणीकाठची धुई पार रुळांपर्यंत आलेली असते. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव मागे पडेपर्यंत मी कानटोपी काढत नाही. पण तासा-दीड तासाने गायमुख खिंडीत पोचते, तेव्हा कानटोपी आणि स्वेटर दोन्ही पिशवीत गेलेले असतात.

चढाने अंग तापतं हे खरं, पण कारण तेवढंच नाही. हिवाळ्यात रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन झपाट्याने निवते. तिला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारांवरून ओघळत खोऱ्यात साचते. म्हणून सकाळी पायथ्याला हुडहुडी आणि वर ऊब. हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तेव्हापासून लोहगडासाठी मला जानेवारीच आवडतो.

गड सुमारे १,०३० मीटर उंच, पण मळवलीपासून चढायचे असतात ते साधारण चारशेच. साठीच्या गुडघ्यांना झेपतात. नऊच्या सुमारास मी गणेश दरवाजाशी असते. पुढे नारायण, हनुमान आणि महादरवाजा. पावसाळ्यात या पायऱ्यांवर इतकी रेटारेटी असते, की मान वर करायची सोय नसते. आता निवांत पाहता येतं, की वाट सरळ वर न जाता वळत वळत का जाते. खालून येणारा शत्रू प्रत्येक वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात यावा, म्हणून. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मुघलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत गेला, त्या दिवशी मी शेजारपाजारी पेढे वाटले.

गडाच्या विंचूकाटा या सोंडेवरून पवनेचं पाणी, तुंग आणि तिकोना हे किल्ले दिसतात. धुई अजून खाली असली तर दोन्ही शिखरं बेटांसारखी वर निघालेली. तिथे अर्धा तास तरी बसावंच.

उतरताना मात्र जपायचं. वाळलेलं गवत आणि सुटा मुरूम पावसाळी शेवाळाइतकेच दगा देतात. अशाच घसाऱ्यावर माझा पाय गेला आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलं. तेव्हापासून काठी सोबत असते आणि पाऊल आडवं टाकते. अकराला उतरायला लागायचं, म्हणजे उन्हाचा ताप होत नाही. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी खायची. भाजे लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे परतीच्या वाटेवर दुपारपर्यंत सावलीत टेकता येतं.

परवा भाचीला पहिल्यांदा नेलं. परतीच्या लोकलमध्ये ती मोज्यांतली कुसळं एकेक करून उपटत होती.

"मावशी, पुढच्या रविवारी तिकोना?"

कुसळं तिने खिडकीबाहेर टाकली नाहीत, रुमालात बांधून ठेवली.