जुलाब होत असता पाणी द्यावे काय?

लहान मुलाला जुलाब होऊ लागले म्हणजे घरात बहुधा दोन पक्ष पडतात. मूल तहानेने कासावीस होऊन पाणी मागत असते, आणि आईचा जीव पाणी द्यावे म्हणून तुटत असतो. परंतु घरातील वडील माणसे म्हणतात, पोट बिघडले आहे, त्याला जरा विसावा द्या. पाणी पाजले की ते खालून निघून जाते, मग पाजायचे कशाला? वाद फार वेळ चालत नाही. वडिलांच्या बाजूस वय असते, आणि डोळ्यांना दिसणारा पुरावाही असतो. पाणी पाजल्यावर थोड्याच वेळात मुलाला पुन्हा शौचास होते, हे घरातील प्रत्येकजण पाहतो. गळक्या घागरीत पाणी ओतण्यात अर्थ नाही, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा आहे. या तर्काने आजवर किती मुले दगावली असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही.

तर्क चुकतो तो घागरीच्या उपमेमुळे. आतडे म्हणजे घागर नव्हे. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात रोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यांपैकी खाण्यापिण्यातून आलेला भाग जेमतेम दोन लिटरांचा असतो. उरलेला सर्व द्रव लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा स्राव यांच्या रूपाने शरीरानेच तेथे ओतलेला असतो. एवढ्या मोठ्या साठ्यातून शौचावाटे बाहेर जाते ते एकदोन कप पाणी. बाकीचे सारे आतडे पुन्हा शोषून रक्तात पोचवते. शरीराचा हा रोजचा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. जुलाब होतात तेव्हा या व्यवहाराचे पारडे फिरते, देणे वाढते आणि घेणे कमी होते. बाहेर पडणारे पाणी हे केवळ नुकतेच प्यालेले पाणी नसते. ते रक्तातून आणि पेशींतून आलेले असते. म्हणूनच पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत, फक्त भरपाई थांबते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. पटकीच्या तीव्र विकारात तर प्रौढ माणसाच्या शरीरातूनही तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते.

हा भ्रम केवळ अशिक्षित घरांचा होता असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील नामांकित डॉक्टर पटकीच्या रोग्याची शीर कापून रक्त काढीत आणि त्याला पाऱ्याची रेचके देत. आधीच सुकलेल्या देहाला आणखी सुकवण्याचाच तो प्रकार होता. १८३२ साली स्कॉटलंडमधील टॉमस लट्टा या डॉक्टराने मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून पाहिले. काही रोगी उठून बसले. तरीही ही रीत मागे पडली आणि पुढे विसाव्या शतकात तिचा पुन्हा स्वीकार झाला. तिच्यामुळे असंख्य जीव वाचले यात शंका नाही. पण शिरेवाटे द्यायचे पाणी निर्जंतुक लागते, त्यासाठी सुया, नळ्या, बाटल्या आणि शिकलेली माणसे लागतात, आणि पटकी जेथे पसरते तेथे नेमका याच गोष्टींचा दुष्काळ असतो.

तोंडावाटे साधे मीठपाणी दिले तर? वैद्यकाने हाही प्रयत्न करून पाहिला होता. रोगी आतड्यातून ते पाणी नीट शोषले जाईना, आणि म्हणून आतड्याची शोषणशक्तीच रोगाने नष्ट होते, असा समज दृढ झाला. तो समज दूर करणारे संशोधन निरनिराळ्या ठिकाणी चालू होते. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की पटकीचे जंतू आतडे कुरतडून टाकीत नाहीत, तर ते एक विषद्रव्य सोडतात आणि त्या विषामुळे आतड्यातून पाणी वाहू लागते. आतड्याचे अस्तर बव्हंशी शाबूत असते. दुसऱ्याच वर्षी, १९६० साली, रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत आतड्यातील शोषणाविषयी एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशींवर वाहतुकीचे असे एक दार असते की त्यातून ग्लुकोज आणि मिठातील सोडियम ही दोघे जोडीनेच आत जातात. एकट्याला तेथे प्रवेश नाही. पुढे असे आढळले की ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आत येतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी खेचले जाते. पटकीच्या विषाने सोडियमची इतर काही दारे मिटतात, पण हे एक दार उघडेच राहते. नुसते मीठपाणी निरुपयोगी का ठरले आणि त्यात साखर मिसळताच ते उपयोगी का पडते, याचे उत्तर येथे मिळते. साखर चवीसाठी किंवा शक्ती यावी म्हणून घालायची नसून मिठाला सोबत म्हणून घालायची असते.

ढाक्याच्या पटकी संशोधनशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी १९६८ साली प्रत्यक्ष रोग्यांवर या मिश्रणाचा प्रयोग यशस्वी केला. साखर-मिठाचे पाणी पाजल्याने शिरेवाटे द्याव्या लागणाऱ्या पाण्याची गरज पुष्कळच घटली. तथापि हा प्रयोग रुग्णालयात, मोजमाप करणाऱ्या डॉक्टरांच्या देखत झालेला होता. गोंधळात, चिखलात, नातेवाइकांच्या हातून हे काम होईल काय, या शंकेचे उत्तर तीन वर्षांनी एका मोठ्या आपत्तीने दिले.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येऊ लागले. पावसाळा, दाटीवाटीच्या छावण्या आणि दूषित पाणी यांमुळे पटकीची साथ उसळली. सीमेवरील बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे उपचारांचे काम आले. खाटा भरून गेल्या होत्या आणि उरलेले रोगी जमिनीवर पडले होते. शिरेवाटे पाणी देण्यासाठी डॉक्टरांना त्या घाणीतच गुडघे टेकून बसावे लागे. थोड्याच दिवसांत बाटलीतील सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला की जे उपलब्ध आहे त्यावरच भिस्त ठेवावयाची. कलकत्त्यातील संशोधन केंद्रात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण करून प्लास्टिकच्या पिशव्यांतून ते बनगावला धाडण्यात आले. एक लिटर पाण्याला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम, एवढाच त्याचा पाठ. हे पाणी तोटीच्या पिपांत भरून ठेवले होते. रोग्याची आई, भाऊ, शेजारी, जो कोणी जवळ असेल त्याने पेला भरून न्यावा आणि पाजीत राहावे, अशी व्यवस्था होती. आठ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. आधी शेकडा पंचवीस ते तीस या प्रमाणात माणसे मरत होती. या उपचाराखालील रोग्यांत ते प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. या कामाचा वृत्तांत १९७३ साली प्रसिद्ध झाला. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने, हा विसाव्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. जिवंतपणी त्यांचे नाव आपल्या देशातील किती शिकलेल्या माणसांना ठाऊक होते, हे न विचारलेलेच बरे.

मराठीत या मिश्रणाला जलसंजीवनी हे नाव रूढ झाले आहे. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या गुप्त होती आणि ती मिळविण्यासाठी कचाला तीनदा मरावे लागले. ही विद्या पाकिटावर छापलेली असते. तरीही ती घराघरांत रुजण्यास इतकी वर्षे का लागावीत?

याचे कारण औषधाच्या गुणात नसून मनुष्याच्या स्वभावात आहे. आपण औषधाची पारख डोळ्यांना दिसणाऱ्या परिणामावरून करतो. तापाची गोळी घेतली की ताप उतरावा, मलम लावले की खाज थांबावी. जलसंजीवनीने जुलाब तात्काळ थांबत नाहीत. सुरुवातीस ते आहेत तसेच चालू राहतात आणि यथाकाल आपोआप ओसरतात; मधल्या काळात रोग्याला जगवणे एवढेच या पाण्याचे काम आहे. म्हणजे ज्या लक्षणाने घर घाबरलेले असते, त्या लक्षणाकडे हे औषध पाहतही नाही. आईने दिवसभर चमच्या-चमच्याने पाणी पाजावे आणि संध्याकाळी शेजारणीने विचारावे, जुलाब थांबले का? नाही म्हणताच औषध नापास होते. मुलाचे डोळे आता खोल गेलेले नाहीत, ते लघवी करू लागले आहे, मान टाकून पडत नाही, हे यश कोणी मोजीत नाही.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने ही अडचण ओळखली होती. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन आयांना हे पाणी करण्यास शिकविले. पाकीट नव्हते, तराजू नव्हता. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हेच माप. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे गाठली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती जाऊन आईला प्रश्न विचारी आणि आईच्या ध्यानात किती राहिले यावर पैसे मिळत. आयांना पाठ उत्तम येत होता, पण मूल आजारी पडले की प्रत्यक्ष वापर मात्र थोडाच होई. शोध घेता असे दिसले की शिकविणाऱ्यांपैकी काहींचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा प्रशिक्षणात बदल करण्यात आले आणि पुरुषांच्या सभाही घेण्यात येऊ लागल्या.

आपल्या देशातील स्थिती सुधारत आहे, परंतु सावकाश. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली जुलाब झालेल्या मुलांपैकी शेकडा २६ मुलांना जलसंजीवनीचे पाकीट मिळाले होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण शेकडा ६१ च्या जवळ पोचले. उरलेल्यांचे काय? २०२४ साली कर्नाटक आणि बिहार येथील दोन हजारांहून अधिक खाजगी उपचारकांच्या वर्तनाचा एक अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. ही पाकिटे लिहून न देण्यास दुकानातील तुटवडा किंवा इतर औषधांतील नफा ही कारणे फारच थोडी जबाबदार होती. मोठे कारण हे की, रोग्याच्या माणसांना असले साधे पाणी नको असते, असे उपचारक गृहीत धरून चालतात. प्रत्यक्षात जेव्हा पालकाने आपणहून या पाकिटाचा उल्लेख केला, तेव्हा ते लिहून मिळण्याचे प्रमाण बरेच वाढले. डॉक्टर समजतात की लोकांना इंजेक्शन हवे. लोक समजतात की डॉक्टरांनी दिले नाही, त्या अर्थी ते औषध नसावे. दोघेही एकमेकांकडे पाहून गप्प बसतात.

साखर जितकी अधिक तितके पाणी गुणकारी, हा आणखी एक गैरसमज आहे. आतड्यात साखर दाट झाली की ती उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. २००२ पासून प्रचारात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठात एका लिटरला ग्लुकोज अवघे साडेतेरा ग्रॅम आहे. बाजारात मिळणाऱ्या गोड पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर असते, आणि काही पेये तर जलसंजीवनीचेच ‘ओआरएस’ हे इंग्रजी नाव लावून विकली जात होती. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली.

औषधाच्या दुकानात किंवा सरकारी आरोग्यकेंद्रात मिळणारे पाकीट सर्वांत चांगले. ते ज्या मापाचे असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात सबंध विरघळवावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. पाकीट जवळ नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ कधीही जास्त होऊ देऊ नये, कारण त्याने मुलाला अपाय होतो. तयार पाण्याची चव आसवांहून खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने हळूहळू पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या मुलास पेज, वरणभात, खिचडी चालू ठेवावी. जुलाब बांधणारी औषधे लहान मुलांना देऊ नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात. मूल गुंगीत असेल, त्याला पिता येत नसेल, पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर मात्र घरी वेळ न दवडता त्याला दवाखान्यात न्यावे, आणि वाटेतही, ते पिऊ शकत असेल तर, पाणी पाजीत राहावे. तयार केलेले पाणी झाकून ठेवावे, आणि चोवीस तासांनंतर जे उरेल ते ओतून देऊन नवे करावे.