फाइल जड कां होते?

मनुष्य जें जाणून उचलतो त्यापेक्षां जें नकळत सोबत नेतो त्याचेंच ओझें पुष्कळदां अधिक असतें. संगणकावर लेखन करणारांस या गोष्टीचा प्रत्यय वारंवार येतो. चार पानांचा निबंध लिहावा, तो पाठवावयास जावें, आणि फाइल वीस मेगाबाइटांची आहे, सबब ती जाऊं शकत नाहीं, असें उत्तर यावें. तेव्हां या चार पानांत एवढें आहे तरी काय, असा प्रश्न साहजिकच मनांत उभा राहतो. आपले विद्यार्थी आतां प्रकल्प, अर्ज व निबंध संगणकावर लिहूं लागले आहेत, आणि शेवटच्या तारखेस, तेंहि मंद जोडणीवरून, ते पाठविण्याचा प्रसंग त्यांजवर येतो. म्हणून फाइल अवाजवी मोठी कां होते, तिचें कारण कसें शोधावें व तें दूर कसें करावें, याचें थोडक्यांत विवेचन प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आंधळगाव व मोहाडी हा भाग कोशाच्या कापडासाठीं प्रसिद्ध आहे. तेव्हां हातमागावरचाच दृष्टांत घेऊं. विणण्यापूर्वीं ताण्याच्या सुतास खळ देतात, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. कापड हातास जड लागलें म्हणजे जाणता मनुष्य विचारतो, हें वजन सुताचें कीं खळीचें? फाइलीच्या बाबतींतहि पहिला प्रश्न हाच विचारावयाचा: हें वजन शब्दांचें आहे, कीं दुसऱ्या कशाचें?

तर प्रथम शब्दांचें वजन करूं. संगणकांतील सांठ्याचें माप बाइट हें होय. सुमारें हजार बाइटांचा एक किलोबाइट व सुमारें दहा लक्ष बाइटांचा एक मेगाबाइट होतो. जगांतील सर्व लिप्यांच्या चिन्हांस एकाच कोष्टकांत क्रमांक देणारी युनिकोड नांवाची पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. आणि ते क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही रीत केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं बसविली. या रीतीनें इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरी चिन्हास तीन लागतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार हीं स्वतंत्र चिन्हें म्हणून मोजलीं जातात. ‘आंधळगाव’ हें नांवच घ्या. आ, अनुस्वार, ध, ळ, ग, काना व व, अशीं यांत ७ चिन्हें आहेत. म्हणून बाइट २१ झाले.

यावरून कित्येकांचा असा समज होतो कीं, मराठींत लिहिल्यामुळेंच फाइल फुगते. हा समज कितपत खरा आहे तें हिशेबानें पाहूं. एका शब्दांत सरासरी ६ चिन्हें धरलीं, तर शब्दाचे १८ व पुढील मोकळ्या जागेचा १, मिळून १९ बाइट होतात. एका पानावर ३०० शब्द धरल्यास पानाचे ५,७०० बाइट, आणि शंभर पानांच्या ग्रंथाचे ५,७०,००० बाइट. म्हणजे अखंड ग्रंथ झाला तरी एक मेगाबाइट भरत नाहीं! पिसाचें वजन तिप्पट झालें तरी तें पिसाचेंच वजन राहतें. तेव्हां आपल्या भाषेस दोष देण्याचें कारण उरत नाहीं. भार दुसरीकडे शोधला पाहिजे.

तो शोधावयाचा तर फाइलीची रचना समजून घेतली पाहिजे. वर्डची फाइल एकसंध दिसते, परंतु वस्तुतः ती एक गांठोडें आहे. २००७ च्या आवृत्तीपासून वर्ड ज्या प्रकारची फाइल करूं लागला, व जिच्या नांवापुढें डी-ओ-सी-एक्स हीं अक्षरें येतात, ती फाइल झिप या रीतीनें बांधलेली असते. ही रीत फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं प्रचारांत आणली. गांठोड्याच्या आंत निरनिराळे कप्पे असतात. मजकूर एकांत, चित्रें दुसऱ्यांत, फाँट तिसऱ्यांत, याप्रमाणें. लिब्रे ऑफिसची ओ-डी-टी फाइलहि अशीच बांधलेली असते.

झिपची युक्ति अशी कीं, एकच मजकूर पुन्हां आला म्हणजे तो पुन्हां न लिहितां, ‘इतकें मागें जाऊन इतकें उचला’ एवढीच खूण करून ठेवावयाची. लेखांत तेच शब्द व त्याच खुणा पुनःपुन्हां येतात, म्हणून मजकूर चांगलाच दबतो. छायाचित्राची गोष्ट वेगळी. जेपेग प्रकारचें छायाचित्र तयार होतांनाच दाबलेलें असतें. एकदां यंत्रांत दाबून बांधलेली कापसाची गांठ पुन्हां दाबली तरी ती आणखी लहान होत नाहीं, तशी त्याची स्थिति आहे.

आतां तपासाची रीत सांगतों. प्रथम फाइलीची दुसरी प्रत करावी. मूळ प्रतीस हात लावूं नये. विंडोज संगणकावर ‘व्ह्यू’ या सदरांतून फाइलींच्या नांवांचे शेवट दिसतील असें करावें, आणि प्रतीच्या शेवटचीं डी-ओ-सी-एक्स हीं अक्षरें पुसून तेथें झिप असें इंग्रजींत लिहावें. संगणक सावधगिरीचा इशारा देईल; प्रत हाताशीं असल्यामुळें भिण्याचें कारण नाहीं. मग ती उघडली म्हणजे आंत ‘वर्ड’ नांवाचा कप्पा दिसेल, व त्याच्या पोटांत ‘मीडिया’, ‘एम्बेडिंग्ज’, ‘फाँट्स’ यांपैकीं जे असतील ते कप्पे आढळतील. प्रत्येकांत शिरून आंतील वस्तु आकारमानाच्या क्रमानें लावाव्या. सर्वांत वर जी येईल ती बहुधा आपली अपराधी वस्तु होय.

हे तिन्ही कप्पे एकेक करून पाहूं.

‘मीडिया’ कप्पा जड निघाला तर कारण चित्रें. हेंच कारण फार करून आढळतें. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें गांवच्या हातमागांवर दहा पानांचा प्रकल्प लिहिला व त्यांत मोबाइलवर घेतलेलीं सहा छायाचित्रें घातलीं. एक छायाचित्र ४,००० बिंदु रुंद व ३,००० बिंदु उंच, म्हणजे एकंदर १,२०,००,००० बिंदूंचें आहे. त्याचें वजन ४ मेगाबाइट धरूं. कागदावर तें तीन इंच रुंद व सव्वादोन इंच उंच छापावयाचें आहे. इंचास २२० बिंदु हें प्रमाण छपाईस पुरतें. त्या प्रमाणानें ६६० व ४९५ यांचा गुणाकार, म्हणजे ३,२६,७०० बिंदु पुरे झाले. अर्थात् जें पाहिजे त्याच्या सुमारें सदतीस पट त्यानें उचललें!

ज्या संगणकावर चित्रें न दाबतां ठेवण्याची योजना असते, तेथें चित्राचा कोपरा धरून तें लहान केलें तरी फाइलींत तें पूर्ववत् अखंड राहतें. लहान होतें तें केवळ दिसण्यांत. कडा कापून टाकल्या तरी कापलेला भाग आंत तसाच झांकलेला राहतो, व फाइल ज्याच्या हातीं जाईल त्यास तो पुन्हां उघडतां येतो. वर्गाच्या छायाचित्रांतून एखाद्या मुलास कांहीं कारणानें वगळलें असेल, तर तो खरोखर वगळला गेला असें समजूं नये. यावर उपाय असा: चित्रावर टिचकी मारून ‘पिक्चर फॉरमॅट’ सदरांतील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ निवडावें, सर्व चित्रांस तो नियम लागू करावा, कापलेले भाग नाहींसे करण्याची खूण कायम ठेवावी, आणि इंचास २२० किंवा १५० बिंदु हें प्रमाण घ्यावें.

‘फाँट्स’ कप्पा जड असेल तर फाइलीबरोबर अक्षरांचे सांचेहि चालले आहेत असें समजावें. येथें मात्र देवनागरीचें वैशिष्ट्य खरोखरच आड येतें. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील सेरामपूर येथें छापलें गेलें, आणि जावजी दादाजी यांनीं मुंबईस १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला; त्या काळापासून देवनागरी खिळे जुळविणारांस एकच अडचण होती. इंग्रजीस थोडक्या खिळ्यांवर भागतें, पण आपल्या जोडाक्षरांस, रफारांस व मात्रांस कित्येक निराळे खिळे लागतात. फाँट म्हणजे त्या खिळ्यांची पेटीच होय. म्हणून देवनागरी फाँटांत आकृति पुष्कळ, व ती पेटी फाइलींत घातली कीं फाइल जड. श्रीलिपि, कृतिदेव इत्यादि जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर, तो फाँट जवळ नसल्यास, निरर्थक अक्षरांसारखा दिसे. म्हणून पेटी सोबत देणें त्या वेळीं समंजसपणाचें होतें. युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तेथील देवनागरी फाँटानें वाचतां येतो. तेव्हां विशेष कारण नसेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या मार्गानें जाऊन फाँट फाइलींत घालण्याची खूण काढून टाकावी. कारण असेल तर निदान वापरलेलींच अक्षरें घालावीं, हा तेथील पर्याय घ्यावा.

‘एम्बेडिंग्ज’ हा कप्पा जड निघाला तर विशेष सावध व्हावें. समजा, एका शिक्षकानें वर्गाच्या निकालाचा लहानसा आलेख एक्सेलमधून उचलून पालकांस पाठवावयाच्या पत्रांत बसविला. बसवितांना वर्कबुक आंत घालण्याचा पर्याय निवडला गेला, तर आलेखाबरोबर ती सर्व वही पत्रांत शिरते. मग प्रत्येक मुलाचे गुण, नापास झालेल्यांचीं नांवें, दुसऱ्या पानावरील घरचे पत्ते व दूरध्वनीचे क्रमांक, सर्व कांहीं त्या चार बोटांच्या आलेखामागें दडून पालकांच्या घरोघर जातें. फाइल जड होणें हा येथें लहान दोष. लेंकरांची खाजगी गोष्ट परक्याच्या हातीं जाणें हा मोठा. आलेख नुसतें चित्र म्हणून चिकटविला म्हणजे दोन्ही दोष टळतात.

याच वर्गांत मोडणारी दुसरी गोष्ट म्हणजे दुरुस्त्यांची नोंद. ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असतां खोडलेला मजकूर जात नाहीं. तो खोडलेला म्हणून आंत राहतो, व शेजारच्या टीपाहि राहतात. त्यांचें वजन थोडें असतें, पण परिणाम मोठा होऊं शकतो. २००३ सालीं ब्रिटिश सरकारनें इराकविषयींची एक पुस्तिका वर्डच्या फाइलीच्या रूपानें प्रसिद्ध केली. ती फाइल कोणीं कोणीं हाताळली त्यांचीं नांवें तिच्या पोटांत राहून गेलीं होतीं, व तीं जगापुढें आलीं. म्हणून फाइल बाहेर देण्यापूर्वीं ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’ यांतून ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावें. हेंहि प्रतीवरच करावें, कारण एकदां काढलेलें परत येईलच असें नाहीं.

जुन्या डी-ओ-सी फाइलींत वर सांगितल्याप्रमाणें कप्पे उघडून पाहतां येत नाहींत. अशी फाइल नव्या प्रकारांत जतन करून मग तपासावी. तेंहि न साधल्यास अर्ध्याअर्ध्याची रीत वापरावी. प्रतीचा उत्तरार्ध काढून टाकावा, नव्या नांवानें जतन करावें व वजन पाहावें. वजन एकदम उतरलें तर दोष उत्तरार्धांत होता. न उतरलें तर पूर्वार्धांत आहे. दोषी अर्धाचे पुन्हां दोन भाग करावे. शंभर पानांच्या फाइलींत दोष एकाच ठिकाणीं असेल, तर सात पायऱ्यांत तो एका पानावर येऊन ठेपतो. कारणाचा शोध शिस्तीनें केला म्हणजे श्रम किती वांचतात याचें हें सुंदर उदाहरण आहे.

आतां वरील प्रकल्पाकडे पुन्हां वळूं. सहा छायाचित्रांचे २४ मेगाबाइट झाले होते. जीमेलची मर्यादा २५ आहे, तेव्हां फाइल जाईल असें वाटेल. परंतु ई-पत्राची यंत्रणा जोडलेली फाइल साध्या अक्षरांत उतरवून पाठविते, व तींत दर तीन बाइटांचे चार होतात. म्हणून २४ चे ३२ झाले, आणि फाइल परतली. ती दुसऱ्या मार्गानें पाठविली तरी सेकंदास एक लक्ष बिट या मंद गतीनें, एका बाइटाचे आठ बिट धरून, बत्तीस मिनिटें लागतील. छायाचित्रें योग्य मापाचीं केलीं व वजन त्याच प्रमाणांत उतरलें, तर तेंच काम सुमारें मिनिटभरांत होईल. शेवटच्या तारखेच्या सायंकाळीं, जोडणी येत जात असतां, या अंतरावर एखाद्याचा अर्ज पोंचणें न पोंचणें अवलंबून राहतें.

विद्यार्थिमित्रहो, या विवेचनाचें सार इतकेंच कीं, फाइलीचा मोठेपणा हें लक्षण आहे. ताप आला म्हणजे वैद्य जसा तापाचें मूळ शोधतो, तसें आपणहि गांठोडें सोडून पाहावें. बहुतेक वेळां आंत एखादें वाजवीपेक्षां मोठें चित्र निघेल. तें लहान करावें व निश्चिंत व्हावें. पण क्वचित् आंत अशी वस्तु सांपडेल, जी दुसऱ्याची आहे व जी आपल्या हातून बाहेर जाऊं नये. दुसऱ्यांनीं विश्वासानें आपणांपाशीं ठेवलेल्या गोष्टी सांभाळणें हें लेखकाचेंहि कर्तव्य आहे. आणि पाठविण्यापूर्वीं एकवार आंत डोकावून पाहणें, एवढ्यानें तें पुष्कळसें पार पडतें.