औषध प्रयोगशाळेतील पहिले धडे

बी.फार्म.च्या विद्यार्थ्याला सहावे सत्र संपल्यावर आणि सातवे सुरू होण्यापूर्वी चार आठवड्यांत किमान १५० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. रुग्णालय किंवा औषध दुकान हेही त्यासाठीचे मान्य पर्याय आहेत. तारापूर, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यात जो जातो, त्याची गाठ बहुधा गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेशी, म्हणजेच ‘क्यूसी’शी पडते. बाहेर पडणारी प्रत्येक बॅच आधी येथे तपासली जाते.

सुरुवातीचे दिवस वाचनात जातात. प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती म्हणजे एसओपी असते. ती वाचून, समजून, प्रशिक्षण नोंदीवर सही झाल्याशिवाय कोणत्याही उपकरणाला हात लावता येत नाही. अ‍ॅप्रन, गॉगल आणि हातमोजे कधी वापरायचे, आम्ल पाण्यात ओतायचे पण पाणी आम्लात नाही, वाफ सोडणारी द्रावके फ्यूम हूडमध्येच हाताळायची, हेही याच काळात अंगवळणी पडते.

त्यानंतर येते वजन आणि माप. विश्लेषणाचा तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो. वाऱ्याची झुळूक, टेबलाचा हादरा किंवा भांड्याची ऊब एवढ्यानेही त्यावरचा आकडा हलतो. म्हणून तराजू रोज प्रमाणित वजनांनी तपासतात आणि तापवलेले भांडे थंड झाल्यावरच त्यावर ठेवतात. फ्लास्कमधील द्रावणाची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वक्राच्या खालच्या कडेवर वाचायची असते. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात ती कडच दिसत नाही, तेव्हा वरची कड धरतात.

हात बसला की गोळ्यांच्या चाचण्या सुरू होतात. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचे उदाहरण घेता येईल. आधी २० गोळ्यांचे वेगवेगळे वजन करतात. सरासरीपासून ५ टक्क्यांहून अधिक फरक असलेल्या गोळ्या दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. फ्रायबिलिटीच्या चाचणीत गोळ्या फिरत्या ड्रममध्ये १०० वेळा आपटतात, त्यात वजनाची घट १ टक्क्याच्या आत राहावी लागते. आवरण नसलेली गोळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटांत फुटली पाहिजे. मात्र गोळी फुटली म्हणजे औषध विरघळले असे होत नाही, त्यासाठी डिसोल्यूशनची वेगळी चाचणी असते. शेवटी औषधाचे प्रत्यक्ष प्रमाण मोजतात. भारतीय औषधसंहितेनुसार ते छापील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के, म्हणजे या गोळीत ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम हवे.

अनेक औषधांचे प्रमाण द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर मोजतात. त्याआधी यंत्रातून वाहणारे द्रावक, म्हणजे मोबाइल फेज, गाळून त्यातील हवा काढतात आणि प्रमाणित नमुना पुन्हा पुन्हा टोचून यंत्र तेच उत्तर देते का ते पाहतात. ही पायरी निकषात बसली तरच नमुन्याचा निकाल ग्राह्य धरला जातो.

नोंदींचा धडा या सगळ्याच्या जोडीने चालतो. आकडा दिसताक्षणी नोंदवहीत शाईने लिहायचा असतो. चिठोऱ्यावर टिपून नंतर उतरवणे चालत नाही. चूक झाल्यास एकच आडवी रेघ मारून बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख लिहितात. व्हाइटनरला येथे थारा नाही. संगणकावरील बदल ऑडिट ट्रेलमध्ये आपोआप उमटतात. कोणी, केव्हा, कोणत्या तराजूवर, कोणत्या द्रावणातून काढला हे सांगता येत नसेल, तर अचूक आकडाही निरुपयोगी ठरतो.

या शिस्तीची खरी परीक्षा निकाल मर्यादेबाहेर गेल्यावर होते. हवे ते उत्तर येईपर्यंत चाचणी करत राहण्याची पद्धत अमेरिकेतील एका न्यायालयाने १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात अमान्य ठरवली. आता आधी कारण शोधावे लागते: वजन, द्रावण की यंत्र? ते शोधता यावे म्हणून द्रावणे फेकायची नसतात. अशा वेळी इंटर्नने पुन्हा चाचणी लावायची नसते, सारे जसेच्या तसे ठेवून लगेच वरिष्ठांना कळवायचे असते. पुढची चौकशी आणि बॅचचा निर्णय ही पात्र तज्ज्ञांची जबाबदारी असते.