जुनी कॅम्पर आणि महामार्गाचा हिशेब

जर्मनीत हॅनोव्हरहून दक्षिणेकडे जाणारा ए-७ हा महामार्ग कासेल शहराच्या परिसरात येताच डोंगराळ होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत या चढांवर एक दृश्य हमखास दिसते. उजव्या मार्गिकेत मालवाहू गाड्यांची रांग असते, डावीकडून नव्या मोटारी वाऱ्यासारख्या निघून जातात आणि या दोहोंच्या मध्ये गोल दिव्यांची, मागे इंजिन असलेली एक जुनी फोक्सवॅगन कॅम्पर तिसऱ्या गिअरमध्ये संथपणे चढत असते. पाहणाऱ्यांना ती गोड वाटते. आत बसलेल्या कुटुंबप्रमुखाचे लक्ष मात्र मागून येणाऱ्या आवाजाकडे लागलेले असते. गाडीत मुले आहेत, सामान आहे, पुढे आल्प्स पर्वत आहे आणि इंजिनाचे वय पन्नास वर्षांचे आहे.

अशा गाडीच्या प्रत्येक मालकाला कधी ना कधी एक प्रश्न पडतो: हिची शक्ती वाढविता येईल का? येते, बाजारात त्यासाठी हवे ते साहित्य मिळते. परंतु प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. या गाडीच्या बाबतीत शक्ती ही जमेची बाजू असेल, तर उष्णता ही खर्चाची बाजू आहे. आणि खर्च न पाहता जमा वाढविणाऱ्या पेढीचे जे होते, तेच या इंजिनाचे होते.

गाडीची मूळ कुवत

नेदरलँड्समधील मोटारविक्रेते बेन पोन यांनी एप्रिल १९४७ मध्ये आपल्या वहीत एका पेटीसारख्या गाडीचे रेखाटन केले. चालक पुढे, इंजिन मागे आणि मध्ये मोकळी जागा, अशी ती साधी कल्पना होती. मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा इंजिन अवघ्या २५ अश्वशक्तीचे होते. १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय बसविण्यास प्रारंभ केला आणि दुकानदारांची मालगाडी कुटुंबाचे फिरते घर झाली. १९५६ पासून ती हॅनोव्हरच्या स्वतंत्र कारखान्यात तयार होऊ लागली. १९६७ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीला १,५८४ घनसेंटिमीटरचे, ४७ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक कॅम्पर या पिढीतल्या आहेत.

कुटुंब, पाणी, भांडी आणि बिछाने भरल्यावर या गाडीचे वजन दोन टनांच्या आसपास जाते. तिचा कमाल वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर. जर्मन महामार्गावर मोटारींसाठी शिफारस केलेला वेग १३० आहे, तर अवजड मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये ही गाडी सापडते आणि तिथेच मोह निर्माण होतो.

हा मोह किती महाग आहे, हे हवेच्या गणितावरून कळते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ८० वरून ११० केला, म्हणजे सव्वापटीहून थोडा अधिक वाढविला, की केवळ हवा कापण्यासाठी अडीचपटीहून अधिक शक्ती खर्ची पडते. उंच, रुंद आणि चपट्या तोंडाच्या गाडीला हे ओझे अधिकच जाणवते. शेवटच्या वीस-तीस किलोमीटर वेगासाठी इंजिन आपले सर्वस्व पणाला लावते.

उष्णता कुठे जाते?

या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याची हवा आणि अडीच लिटर तेल, एवढ्यावरच ते थंड राहते. पंखा ज्या दांड्यावर बसविला आहे, तो दांडा वीज निर्माण करणाऱ्या डायनामोचा आहे आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणून चालकासमोरचा लाल दिवा लागला, तर त्याचा अर्थ केवळ बॅटरी भरत नाही एवढाच नसतो; पट्टा तुटला असेल, तर पंखाही थांबलेला असतो. अशा वेळी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाण्याचा विचार करणे म्हणजे इंजिन गमावणे होय. गाडी तेथेच बाजूला घेऊन थांबवावी लागते.

चार सिलिंडरांपैकी तिसरा सिलिंडर विशेष नाजूक मानला जातो. जुन्या रचनेत तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या आवरणात त्याच्याच वाटेवर होती. त्यामुळे तेलाची उष्णता घेऊन आलेली हवा त्याच्या वाट्याला येई. १९७१ च्या मॉडेलपासून ही जाळी बाहेरच्या बाजूला नेऊन तिला हवेची वेगळी वाट देण्यात आली.

इंजिनाभोवतीचे पातळ पत्रे आणि कडेची रबरी पट्टी यांना अनेक जण निव्वळ सजावट समजतात. दुरुस्तीच्या वेळी एखादा पत्रा परत बसविला जात नाही, पट्टी कुजून जाते. वास्तविक वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना वेगळे ठेवण्याचे काम तीच करतात. ती नसली, की बाहेर टाकलेली गरम हवा पंखा पुन्हा आत ओढतो. कमी खर्चात आणि सर्वाधिक लाभ देणारी दुरुस्ती कोणती, असे विचारले तर उत्तर हेच: सर्व पत्रे आणि रबरी पट्टी जागच्या जागी असणे.

ट्यूनिंगचा क्रम

ट्यूनिंग म्हणजे नवी शक्ती भरणे नव्हे. कारखान्याने दिलेली आणि काळाच्या ओघात गळून गेलेली शक्ती परत मिळविणे. त्याचा क्रम ठरलेला आहे. तो मोडला, तर एक काम दुसऱ्याला बिघडविते.

प्रथम टॅपेट. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर फीलर गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर ठेवायची. वापराबरोबर ही फट वाढत जाते असा सर्वसाधारण समज आहे; परंतु तापणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ताणला जाऊन ती कमीही होते. फट नाहीशी झाली, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता बैठकीला देता येत नाही आणि अखेर तो जळतो. किंचित टकटक करणारा टॅपेट परवडतो. अगदी गप्प झालेला परवडत नाही. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला तेलबदल आणि टॅपेट ही दोन्ही कामे एकत्र केली जातात.

दुसरे पॉइंट. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर असावी. ही फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून टायमिंग नेहमी पॉइंटनंतर. टायमिंग पुढे सरकविले तर गाडी पळू लागल्यासारखी वाटते. हाच सर्वांत मोठा भुलावा. ठिणगी अवेळी पडल्याने भार असताना इंजिन आतून ठोके देते आणि सिलिंडर-हेडचे तापमान वाढते. हा लाभ उसनवारीचा असतो.

कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. पेट्रोल वाचावे म्हणून मिश्रण पातळ केले, तर ज्वलन अधिक तापते. काही किलोमीटर भरधाव चालवून लगेच प्लग काढून पाहिला, तर त्याचा रंग खरे सांगतो: फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा तापमान अधिक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त.

शक्ती वाढवावी का?

मोठे सिलिंडर बसवून हेच इंजिन १,७७६ घनसेंटिमीटरचे करता येते. दोन कार्ब्युरेटरही लावता येतात. त्यामुळे चढावर निश्चितच फरक पडतो. मात्र जितके इंधन अधिक जळेल, तितकी उष्णता अधिक, आणि पंखा तोच. म्हणून हे काम करणारे जाणकार आधी तेलाची वेगळी जाळी, तेलाचा फिल्टर आणि तापमापक बसवितात. मूळ इंजिनात तेल गाळण्यासाठी फक्त एक जाळीदार गाळणी होती आणि चालकासमोर तापमापक मुळीच नव्हता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे थांबण्याची सोय. १९७० पर्यंतच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. इंजिन सशक्त करून ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगचे सांधे जुनेच ठेवणे हा अविचार ठरतो. उंच, सपाट बाजूंमुळे शेजारून मोठी मालवाहू गाडी गेली तरी ही गाडी हलते. टायर योग्य भारक्षमतेचे नसतील, तर ही हलण्याची वृत्ती धोक्यात बदलते.

आणखी एक धोका इंजिनाच्या शेजारीच असतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात. नळीतून गळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर आग लागते. आणि या इंजिनाचा मुख्य साचा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असल्याने ती आग विझविणे कठीण जाते. पेट्रोलच्या नळ्या नियमित बदलणे आणि हाताशी अग्निशामक ठेवणे, हा खर्च कोणत्याही शक्तिवर्धक साहित्याच्या आधी करावयाचा.

चालविण्याची रीत

उत्तम ट्यूनिंगही चुकीच्या चालविण्याने वाया जाते. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी ओढत नेली, तर इंजिनाला आराम मिळतो असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. फेरे कमी झाल्याने पंखा मंदावतो, भार मात्र कमाल असतो. वेळीच तिसऱ्या गिअरमध्ये आले, तर आवाज वाढतो, पण वाराही वाढतो. इन्सब्रुकहून सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीकडे जाताना विरळ हवेमुळे शक्ती एक अष्टमांशाच्या आसपास घटते. तेव्हा तर या शिस्तीला पर्यायच नाही. वर पोहोचल्यावर इंजिन तत्काळ बंद न करता मिनिटभर चालू ठेवले, की साचलेली उष्णता बाहेर पडते.

सपाट महामार्गावर ८० ते ९० हा या गाडीचा प्रामाणिक वेग आहे. चारशे किलोमीटरच्या प्रवासात ८५ ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास वाचतात फक्त बेचाळीस मिनिटे. त्यासाठी हवेवर खर्च होणारी शक्ती साठ टक्क्यांहून अधिक वाढते. कोणत्याही व्यवहारी माणसाला हा सौदा पटणार नाही.

भारताला ही गाडी अनोळखी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील तरुण याच गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असे टप्पे घेत गोव्याच्या किनाऱ्यावर पोहोचत. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो मार्ग बंद झाला. त्या वाटेवर भरधाव वेग कोणाच्याच कामाचा नव्हता. कामाचे होते ते रस्त्याच्या कडेला, साध्या पान्यांनी दुरुस्त होणारे इंजिन. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्यूर या माजी अभियंत्याने फोक्सवॅगनच्या घरगुती दुरुस्तीवर सामान्य माणसासाठी पुस्तक लिहिले आणि टॅपेटचे काम असंख्य मालक स्वतःच्या हातांनी करू लागले.

जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळू शकते आणि करही ठराविक असतो. शासनही जणू मान्य करते, की अशा वाहनाचे मोल त्याच्या वेगात नाही. ज्याने फट मोजली, पत्रे जागेवर ठेवले, नळ्या बदलल्या आणि उजवी मार्गिका सोडली नाही, त्याची कॅम्पर कासेलचा चढ आजही चढते आणि त्याच्या नातवंडांनाही चढवून नेईल.