तेजपूरचे बिष्णुप्रसाद राभा : गाणं आणि नांगर

वडिलांकडून आलेली अडीच हजार बिघे जमीन. आसामचा बिघा साधारण एक तृतीयांश एकराचा, म्हणजे आठशे एकरांच्या वरच. तेजपूरच्या बिष्णुप्रसाद राभांनी ती कसणाऱ्यांना देऊन टाकली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपल्याकडेही पुष्कळ घुमली. पण देणाऱ्याने आधी स्वतःचा सातबारा कोरा केला, अशी उदाहरणं शोधावीच लागतील. आणि गंमत अशी, की आसामला हा माणूस आठवतो तो मुख्यतः कवी, गायक, नर्तक आणि नट म्हणून.

राभांचा जन्म 31 जानेवारी 1909चा, ढाक्यातला. वडील गोपालचंद्र पोलीस खात्यात अधिकारी. घराणं मूळचं बोडो, आडनाव राभा. आसामच्या दोन आदिवासी समाजांशी नातं घरातूनच जुळलेलं. शाळा तेजपूरची, नंतर कोलकाता आणि पुढे कूचबिहारचं व्हिक्टोरिया कॉलेज. तिथली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. या विद्यार्थ्याने चार ओळी लिहून लावल्या : राज्यात दोन बोकड आहेत, एक काळा, एक गोरा, भलं व्हायचं असेल तर दोघांचाही बळी द्या. काळा कोण आणि गोरा कोण, हे ना संस्थानिकाला विचारावं लागलं, ना इंग्रजाला. कूचबिहार सुटलं, पुढे रंगपूरचं कार्मायकल कॉलेजही सुटलं. पदवी राहिली ती राहिलीच.

तेजपूर म्हणजे पुराणातलं शोणितपूर, बाणासुराची नगरी. श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध आणि बाणासुराची मुलगी उषा यांची कथा इथलीच मानतात. गावातल्या नाट्यगृहाचं नावही ‘बाण रंगमंच’, ते 1906पासूनचं. याच गावात राभांना ज्योतिप्रसाद आगरवाला भेटले. 1935 साली ‘जयमती’ हा पहिला आसामी बोलपट काढणारे ते हेच. तेजपुरात एका शाळकरी मुलाचा आवाज या दोघांच्या कानावर पडला आणि 1936मध्ये त्याला कोलकात्याला नेऊन त्याची ध्वनिमुद्रिका झाली. तो मुलगा म्हणजे भूपेन हजारिका. पुढे ज्यांचा आवाज मुंबईच्या हिंदी सिनेमातही घुमला, त्यांची पारख अशी झाली.

राभांचं तांडवनृत्य पाहून डॉ. राधाकृष्णन यांनी त्यांना ‘कलागुरू’ म्हटलं, अशी काशीची कथा आसामात घरोघरी ठाऊक आहे. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं गावोगावचं हिंडणं. बोडो, राभा, मिसिंग वस्त्यांत राहून त्यांनी गाणी, नाच, चालीरीती टिपल्या. वैष्णव संत शंकरदेवांच्या परंपरेतली बरगीतं, म्हणजे भक्तिगीतं, ते गायचेच. पण आसामची संस्कृती म्हणजे केवळ वैष्णव सत्रांचा, म्हणजे मठांचा, वारसा नव्हे, डोंगरातल्या आणि नदीकाठच्या जमातींनीही ती घडवली आहे, हे ते ठासून मांडत. ईशान्येचं पुढचं राजकारण पाहिलं, की हे म्हणणं त्या काळी किती जणांनी मनावर घ्यायला हवं होतं, ते कळतं.

1945मध्ये ते भारतीय क्रांतिकारी कम्युनिस्ट पक्षात गेले. इंग्रज गेले, पण शेतकऱ्याच्या हाती काय आलं, हा या पक्षाचा सवाल होता. त्याच सुमारास मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख डफावर थाप मारून तेच विचारत होते. आपल्या शाहिरांनी मोर्चे काढले. राभा भूमिगत झाले, सशस्त्र लढ्यात उतरले, त्यांनी तुरुंगही भोगला. तो मार्ग मला पटत नाही, आणि त्याला यशही आलं नाही. तरी हा माणूस नुसता बंदूकवाला नव्हता : 1948 साली रंगकर्मी फणी शर्मांबरोबर त्यांनी ‘सिराज’ हा हिंदू-मुस्लिम ऐक्यावरचा चित्रपट दिग्दर्शित केला! 1951मध्ये ज्योतिप्रसाद गेले. त्यानंतर आसामातली इप्टाची, म्हणजे जननाट्य संघाची, धुरा राभांकडे आली.

1967मध्ये तेजपूरने त्यांना आमदार म्हणून निवडून दिलं. पण विधानसभेत त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. 20 जून 1969 रोजी, साठी नुकतीच पूर्ण झालेली असताना, ते गेले. हा दिवस आसामात ‘राभा दिवस’ म्हणून पाळतात. त्यांची गाणी ‘राभा संगीत’ या नावाने शिकवली जातात, स्पर्धांतून गायली जातात. सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. जमिनीचा प्रश्न मात्र हारतुऱ्यांत मागे पडतो. अण्णाभाऊंच्या बाबतीत आपण वेगळं काही केलेलं नाही. पुतळे उभारले, टपाल तिकीट काढलं, ‘फकिरा’ वाचणारे किती उरले?

हल्ली तवांगला जाणारे बरेच मराठी पर्यटक तेजपूरवरून पुढे जातात. अग्निगडाची टेकडी पाहायला ते थांबतातही. त्याच गावात राभांचं स्मृतिउद्यान आहे, त्यांची समाधी तिथेच आहे. चालकाला गाडी तिकडे वळवायला जरूर सांगा.