गुडघ्याचा पट्टा : निवड आणि वापर

उटनूर परिसर हा आदिलाबाद जिल्ह्यातील डोंगराळ व वनाच्छादित भाग होय. येथील जीवनात चालण्याला मोठे स्थान आहे. केस्लापूरच्या नागोबा जत्रेपूर्वी मेश्राम कुळातील गोंड बांधव गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी जातात, ही परंपरा सर्वश्रुत आहे. एरवीही कापसाची वेचणी, सरपणाची मोळी आणि उकिडवे बसून करावयाची कामे यांचा भार अखेर गुडघ्यांवरच पडतो. उतारवयात गुडघा दुखू लागला की शेत आणि बाजार दोन्ही दूर जातात. अशा वेळी शेजाऱ्याला लागू पडला तसाच पट्टा मागविला जातो, आणि नेमकी तेथेच गफलत होते.

पट्टा हे औषध नव्हे. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. तो सांध्याला आधार व ऊब देतो, त्यामुळे वेदना काहीशी कमी होऊन चालणे सुकर होते. किरकोळ दुखण्यासाठी साधा लवचिक पट्टा, ज्याला लोक ‘नी कॅप’ म्हणतात, बहुधा पुरेसा असतो. वाटीभोवती दुखत असल्यास वाटीच्या जागी भोक असलेला पट्टा उपयोगी पडतो. गुडघा एकाएकी लचकत असेल किंवा अस्थिबंधाला इजा झाली असेल, तर दोन्ही बाजूंना पट्ट्या व बिजागरी असलेला आधार लागतो. तो मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

माप अंदाजाने घेऊ नये. पाय सैल सोडून, शिंप्याच्या फितीने वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर मोजावा. काही उत्पादक मांडीचाही घेर विचारतात. खोक्यावरील तक्ता पाहून त्याप्रमाणे मोजावे. सूज सकाळी कमी व सायंकाळी अधिक असते, हेही ध्यानात ठेवावे. ‘घट्ट तितका चांगला’ हा समज घातक आहे.

पट्टा धोतरावर किंवा विजारीवर न चढविता कोरड्या त्वचेवर चढवावा. भोक वाटीवर नीट बसवावे. बंद असल्यास आधी पोटरीकडील व मग मांडीकडील आवळावा. कडेखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. पाऊल बधिर, थंड किंवा निळसर झाले, मुंग्या आल्या किंवा सूज चढली तर पट्टा तत्काळ काढावा. प्रारंभी तासभर वापरून त्वचा पाहावी, मग वेळ वाढवावा. डॉक्टरांनी सांगितले नसल्यास रात्री तो लावून झोपू नये. पावसाळ्यात चिखलात भिजलेला पट्टा दिवसभर तसाच राहिला तर नायटा होण्याची भीती असते. म्हणून तो सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा.

मधुमेह, पायातील रक्ताभिसरणाची तक्रार किंवा फुगलेल्या शिरा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, पायावर भार टाकता येईना, अथवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पट्ट्याने वेळ काढणे धोक्याचे आहे. अशा रुग्णास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पट्ट्यापेक्षा मांडीचे स्नायू अधिक टिकाऊ आधार देतात. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवावी, ती खाली दाबून पाच मोजावे व सोडावे. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हा व्यायाम कोणत्याही अंगणात करता येतो आणि त्यास पैसा लागत नाही. वजन अधिक असल्यास ते कमी करण्याचाही मोठा उपयोग होतो. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना गुडघ्यावरील भार दर पावलागणिक सुमारे चार किलोने हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले.

ज्यांना खर्च झेपत नाही अशा ज्येष्ठांसाठी केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तीत शिबिरे भरवून सहायक साधने विनामूल्य देण्यात येतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. तिच्याखाली पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींना गुडघ्याच्या पट्ट्यासारख्या साधनांसाठी एकवेळ तीन हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. शिबिरात पट्टा मिळाला तरी तो आपल्या मापाचा आहे की नाही हे तेथेच चढवून, दहा पावले चालून पाहावे.